पेजेपासून सोलकढीपर्यंत : जिज्ञासू प्रवाशासाठी मालवणी खाणेपिणे

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला सरांनी मंगोलियातील पशुपालकांची माहिती सांगितली. तिकडे हिवाळा इतका कडक की शेती करून पोट भरणे कठीण. म्हणून माणसे जनावरांवर जगतात. उन्हाळ्यात घोडीचे दूध आंबवून 'ऐराग' नावाचे पेय करतात, चहात दूध आणि मीठ घालतात, आणि दह्याचा चक्का वाळवून 'आरूल' नावाच्या दगडासारख्या वड्या हिवाळ्यासाठी ठेवून देतात. मीठ घातलेल्या चहाचे नाव निघताच सारा वर्ग हसला. मीही हसले.

हसू ओसरल्यावर सर म्हणाले, "तिकडचा एखादा प्रवासी उद्या तुमच्या गावी उतरला आणि त्याने विचारले, की तुम्ही काय खाता-पिता, तर काय सांगाल?" मी धामापूरची. आमच्या गावी प्रवासी येतात हे सरांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी मलाच उभे केले. मी पटकन सांगून टाकले, "सुरमई फ्राय आणि सोलकढी, सर."

उत्तर चुकीचे नव्हते. पण खाली बसल्यावर मनात आले, आमच्या घरात सुरमई वर्षातून किती वेळा शिजते? दोनदा, फार तर तीनदा. त्या दिवशी सकाळी मी पेज आणि भाजलेला सुका बांगडा खाऊन कॉलेजात आले होते, आणि ते मला सांगवले नव्हते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षी डब्यात काळ्या वाटाण्याची उसळ होती, तेव्हा कुणीतरी विचारले, "हे काळे काय आणलेस?" त्या दिवसापासून मी डबा कोपऱ्यात बसून खाऊ लागले. सरांच्या प्रश्नाला अर्धेच उत्तर दिले गेले, ते का, हे मला तेव्हा कळले. उरलेले उत्तर या लेखात देत आहे.

आमचा मुलूख आणि आमचा पाऊस

मालवणहून कुडाळकडे जाताना धामापूर लागते. गावचा तलाव प्रसिद्ध आहे. दोन डोंगरांच्या मध्ये बांध घालून १५३० मध्ये तो बांधला, आणि बांधणारे विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई, असे सांगतात. काठावर भगवती देवीचे देऊळ आहे. सिंचन आणि जलनिस्सारण या विषयांत काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये या तलावाला जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान्यता दिली. प्रवासी येतात, फोटो काढतात आणि जातात. पण तलाव हा आमच्या स्वयंपाकघराचाच एक भाग आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. खालच्या माड-पोफळीच्या बागा आणि उन्हाळी भातशेती या पाण्यावर उभी आहे. नारळ आणि तांदूळ ही आमच्या जेवणाची दोन चाके. ती दोन्ही तलावाच्या पाण्यावर फिरतात.

आता कुणी म्हणेल, एवढा पाऊस असताना तलाव कशाला? पाऊस खरोखरच दांडगा. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. पण तो सारा जूनपासूनच्या चार महिन्यांत. खाली जांभा दगड. पाणी त्यातून झिरपून जाते आणि उताराने समुद्र गाठते. म्हणजे चार महिने बाहेर पाय टाकता येत नाही, आणि मार्च-एप्रिलात विहिरी तळाला जातात. पावसात समुद्र खवळलेला असतो, होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांखाली झाकून ठेवलेल्या असतात. जून-जुलैमध्ये यांत्रिक होड्यांना मासेमारीची सरकारी बंदीही असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ.

ही परिस्थिती ध्यानात घेतली की मालवणी जेवण उलगडते. प्रवाशाने आमच्या खाण्याची चव पाहण्याआधी एक शब्द शिकावा : बेगमी. मंगोलियातल्या बाया हिवाळ्यासाठी दूध वाळवतात. आमच्या बाया पावसाळ्यासाठी मासे, आंबे, फणस आणि रातांबे वाळवतात नाहीतर खारवतात. तिकडे थंडीची भीती, इकडे पावसाची. आमचे आंबट, खारट आणि तिखट या भीतीतून आलेले आहे.

आगोट

पावसाळा तोंडावर आला की त्या दिवसांना आमच्याकडे 'आगोट' म्हणतात. एप्रिल आणि मे हे महिने शाळा-कॉलेजाला सुट्टीचे, पण घरातल्या बायकांना सर्वांत कामाचे. अंगणात एकीकडे मिरच्या, एकीकडे आमसुले, खळ्याच्या कडेला सुके बांगडे, सुपात आंबापोळी, आणि या सगळ्यावर कावळ्यांची नजर. राखण करायला आजी काठी घेऊन बसते.

मालवणी मसाला याच दिवसांत होतो. लाल मिरची आणि धणे हा त्याचा मुख्य भाग. त्यांच्याबरोबर मिरी, लवंग, दालचिनी, बडीशेप, दगडफूल, जायफळ, हळकुंडे, हिंग असे जिन्नस वेगवेगळे भाजून एकत्र दळतात. प्रमाण घरोघरी निराळे असते. ते लिहून ठेवलेले नसते. ते हाताला माहीत असते.

फणसाचे कच्चे गरे आणि कैऱ्या मिठाच्या पाण्यात टाकून ठेवतात. फणसाच्या बिया, म्हणजे आठळ्या, मातीत पुरून किंवा मातीत घोळवून टिकवतात. आषाढात भाजी मिळेनाशी झाली की त्या आमटीत, भाजीत पडतात, किंवा चुलीत भाजून संध्याकाळी खाल्ल्या जातात. मालवणी खाद्यपदार्थांच्या यादीत आठळीला कुणी जागा देत नाही. पण पावसाच्या रात्री आमच्या घरात तिचा वास सुटला की सगळे चुलीजवळ गोळा होतात.

रातांबा : एक फळ, चार जिन्नस

बेगमीचा राजा म्हणजे रातांबा. कोकमाच्या फळाला आमच्याकडे रातांबा म्हणतात. आंबा अधिक प्रसिद्ध आहे, हे कबूल. पण आंब्यावाचून आमचे वर्ष निघेल, कोकमावाचून आठ दिवसही निघणार नाहीत. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

रातांबा एप्रिल-मेमध्ये पिकून लाल होतो. फळ फोडून साल वेगळी करतात. आतला गर आणि बिया मिठात ठेवल्या की रस सुटतो. त्या रसात साली भिजवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा भिजवायच्या, पुन्हा वाळवायच्या. असे कितीतरी दिवस चालते. शेवटी साल काळसर आणि मऊ होते. तेच आमसूल, आम्ही 'सोलां' म्हणतो. हा पहिला जिन्नस.

दुसरा 'आगळ'. म्हणजे भरपूर मीठ घातलेला गडद लाल रस. मिठामुळे तो वर्षभर टिकतो. तिसरे सरबत : ताज्या सालींत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की पाक सुटतो, त्यात पाणी घातले की कोकम सरबत. चौथा जिन्नस प्रवाशांना ठाऊक नसतो. बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळतात. वर तेल तरंगते, आणि थंड झाले की मेणासारखे घट्ट होते. हे 'भिरंडेल'. त्याचे गोळे करून ठेवतात. लावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून बायकांच्या टाचा फुटतात, तेव्हा ते गरम करून भेगांत भरतात. आणि त्याचाच एक तुकडा गरम पेजेत टाकून खातातही. एकच वस्तू पायाला आणि पोटाला, हे ऐकून शहरातल्या मैत्रिणी नाक मुरडतात. पण खोबरेल तरी दुसरे काय?

आता सोलकढी. ओला नारळ खवून, लसूण, हिरवी मिरची आणि चवीपुरते जिरे घालून वाटायचा, पिळून दूध काढायचे, त्यात आगळ किंवा भिजवलेल्या आमसुलांचे पाणी घालायचे. लाल रस दुधात पडला की गुलाबी रंग येतो. वर कोथिंबीर. कढी हे नाव असले तरी ती चुलीवर चढवत नाहीत. उकळली की नारळाचे दूध फाटते. काही ठिकाणी ती जेवणाआधी पेला भरून देतात. घरी ती शेवटी येते, भातावर घेतात आणि उरलेली ओंजळीने पितात. तिखट खाऊन तापलेल्या जिभेला ती शांत करते, म्हणून तिची जागा शेवटी. नारळ नसेल त्या दिवशी नुसत्या आमसुलाच्या पाण्यात मीठ, मिरची आणि जिरे घालून 'तिवळ' करतात. गरिबीत नारळ विकायचा असतो, तेव्हा तिवळ पितात, असे आजी सांगते.

पेज

ज्या पदार्थाचे नाव मला वर्गात घेता आले नाही, त्याच्याकडे आता वळते.

पेज म्हणजे भरपूर पाण्यात मऊ शिजवलेला उकडा तांदूळ. पाणी न गाळता, मीठ घालून, खोलगट ताटलीत किंवा वाडग्यात वाढतात. हा शब्द जुना आहे : संस्कृतातली 'पेया', प्राकृतातली 'पेज्जा', आमची पेज. गोव्यातही पेजच म्हणतात, आणि केरळात तिची बहीण कंजी आहे.

उकडा तांदूळ म्हणजे काय, तेही सांगायला हवे. भात (सालीसकट) पाण्यात भिजवून उकडतात, वाळवतात आणि मग गिरणीत नेतात. असे केल्याने दाणा कमी तुटतो, आणि कोंड्यातील जीवनसत्त्वांचा काही भाग दाण्यात उतरतो. कणी कमी आणि कस जास्त. आमच्या आज्यांनी जीवनसत्त्व हा शब्द ऐकला नव्हता, पण लावणीला जाणाऱ्या माणसाला कोणता तांदूळ द्यावा, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

पेज सकाळी दहाच्या सुमारास खातात. पहाटे शेतात गेलेला माणूस त्या वेळी बांधावर येतो. पाणी, मीठ आणि धान्य हे तिन्ही त्याला एकदम हवे असते, आणि ते एका वाडग्यात मिळते. सोबत 'तोंडाक' काहीतरी लागते, म्हणजे तोंडी लावायला : निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, जवळ्याची चटणी, खारातली कैरी, आठळ्यांची भाजी, नाहीतर आदल्या रात्रीच्या माशाची आटलेली आमटी. ही आटलेली आमटी आणि गरम पेज, यांहून चांगली न्याहारी मला ठाऊक नाही. हे लिहिताना मात्र आता लाज वाटत नाही.

मासे, मिरची आणि तिरफळ

माशांबद्दल प्रवाशांना सर्वांत अधिक उत्सुकता, आणि सर्वांत अधिक गैरसमजही. मालवणी घरात रोजचा मासा म्हणजे सुरमई किंवा पापलेट नव्हे. तो बांगडा, तारली, पेडवे. हे लहान, तेलकट मासे थव्याने येतात, म्हणून स्वस्त मिळतात. पाऊस सरल्यावर त्यांचा हंगाम. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना अवश्य पाहावे. लांबलचक जाळे समुद्रात गोलाकार टाकून दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात, आणि मिळालेल्या मासळीत ओढणाऱ्यांचा वाटा असतो. खाडीकडच्या गावांत तिसऱ्या, मुळे, कालवे आणि कुर्ल्या (खेकडे) मिळतात. पहिल्या पावसात ओहोळातून उलट्या दिशेने वर येणारे चढणीचे मासे पकडायला आमची मुले रात्री बत्त्या घेऊन जातात.

माशाची आमटी नारळाच्या वाटपात होते. कच्चा नारळ, मिरची, धणे आणि हळद यांचे बारीक वाटप, आंबटपणाला आमसूल किंवा कैरी. कोंबडी-मटणाला मात्र कांदा आणि खोबरे भाजून वाटतात. कच्चे वाटप माशाला, भाजलेले वाटप मटणाला, एवढा भेद लक्षात ठेवला तरी प्रवाशाला पुष्कळसे कळले.

बांगडा आणि तारलीच्या आमटीत एक हिरवट-तपकिरी, मिरीहून थोडे मोठे फळ तरंगताना दिसेल. ते तिरफळ. त्याची आतली काळी बी टाकून देतात आणि वरचे टरफल ठेचून घालतात. तेलकट माशाचा उग्र वास ते मारते. ते चावू नये. चावल्यास जीभ काही वेळ बधिर होते. चीनमधल्या सिचुआन प्रांतातील प्रसिद्ध मिरी ही याच कुळातली, आणि तीही जीभ बधिर करते. हजारो मैल दूर असलेल्या दोन स्वयंपाकघरांनी जीभ बधिर करणाऱ्या फळातच चव शोधावी, याची गंमत वाटते.

ज्या मिरचीमुळे आम्ही 'तिखट खाणारे' म्हणून ओळखले जातो, ती मुळात आमची नाही. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांबरोबर ती सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. काजूही त्यांनीच ब्राझीलमधून आणला. पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, आणि आमचा तलाव १५३० चा. म्हणजे तलावाचा बांध घालणाऱ्या मजुरांच्या जेवणात लाल मिरची नसावी, असे मानायला हरकत नाही. त्यांचे तिखट मिरी आणि तिरफळ यांचे असेल. परंपरा म्हणून जे आपण छातीठोकपणे सांगतो, त्यातलेही काही कधीतरी पाहुणे म्हणून आलेले असते.

शिवराक

माशामटणाला आमच्याकडे 'वशाट' म्हणतात आणि शाकाहाराला 'शिवराक'. मालवणी माणूस रोज वशाट खातो, हा समज खरा नाही. सोमवार, एकादशी, श्रावण, गणपती, शिवाय घरोघरचे देवाचे वार वजा केले तर वर्षाचा मोठा भाग शिवराकच जातो.

पावसात परड्यात आणि रानात फुकट मिळणाऱ्या भाज्या हा त्याचा आधार. टाकळा, कुरडू, अळू, भारंगी. वारुळाजवळ उगवणारी अळंबी मिळाली तर तो दिवस सणाचा. गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ होते. कुळीथ भाजून, भरडून, दळून त्याची पिठी करतात : पाण्यात कालवून, लसणाच्या फोडणीवर टाकून, आमसूल घालून शिजवलेले पातळ पिठले. भात आणि पिठी हे दहा मिनिटांत होणारे जेवण. पाहुणा अवेळी आला, नळ्याला पाणी नाही, बाजार लांब, तरी पिठीने कुणाला उपाशी ठेवले नाही.

ज्या काळ्या वाटाण्यामुळे मी डबा लपवला, तो भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपात शिजला की मटणाच्या रश्शाशी बरोबरी करतो. म्हणूनच देवाच्या वारी वड्यांबरोबर कोंबडीची जागा त्याला दिलेली आहे. हे वडे म्हणजे बटाटेवडे नव्हेत. तांदूळ, उडीदडाळ, हरभराडाळ, मेथी, धणे जाडसर दळून त्या पिठाचे वडे हातावर थापून तळतात. ते पुरीसारखे फुगतात. कोंबडी-वड्यांची कीर्ती सगळीकडे गेली आहे, पण आमच्याकडे म्हाळाला, म्हणजे पितृपक्षात, पितरांच्या पानावर वडे लागतातच. जिवंत पाहुण्याला आणि मेलेल्या पूर्वजाला आम्ही एकच पक्वान्न वाढतो.

गोडधोड आणि जत्रा

गोडातही नारळ आणि तांदूळच. तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवून गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबले की शेवया पडतात. त्या शिरवाळ्या. नारळाचे दूध, गूळ आणि वेलची यांच्या रसाबरोबर त्या खातात. साचा दाबायला एक आणि ताटली फिरवायला एक अशी दोन माणसे लागतात. म्हणून भांडण झालेल्या घरात शिरवाळ्या होत नाहीत, असे आमच्याकडे गमतीने म्हणतात. आंबवलेल्या पिठाची जाळीदार, पिवळसर खापरोळी, काकडीची तवसोळी, नागपंचमीला हळदीच्या पानात उकडलेले पातोळे हे बाकीचे मानकरी. जत्रेला जाणे झाले तर खाजे आणावे : बेसनाच्या तळलेल्या कांड्या आले-गुळाच्या पाकात घोळवलेल्या. आंगणेवाडीच्या जत्रेहून परतणाऱ्या माणसाच्या हातात खाज्याची पुडी नसेल तर घरची मुले त्याला ओळख देत नाहीत.

पेये

सोलकढी, तिवळ आणि कोकम सरबत यांबद्दल वर आलेच. शहाळे आणि पन्हे सर्वांना ठाऊक आहे. राहिली माडी. माडाची न उमललेली पोय बांधून, तिला चीर देऊन रस गोळा करतात. ताजा, न आंबलेला गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढेल तशी ती आंबते आणि माडी होते. माडावर चढून रस काढण्याचे कसब परंपरेने भंडारी समाजाचे, आणि त्याला सरकारी परवाना लागतो. काजूच्या बोंडांपासूनची फेणी शेजारच्या गोव्याची. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या घरात या दोहोंचा प्रवेश नाही, तेव्हा चवीबद्दल लिहिण्याचा मला अधिकार नाही. सूज्ञ वाचकांनी क्षमा करावी.

प्रवाशाला चार सूचना

पहिली : ऋतू पाहून मागावे. जुलैत ताजी सुरमई आणि डिसेंबरात हापूस मागणाऱ्याला बर्फातली किंवा डब्यातली वस्तू मिळते. पावसात या, रानभाजी मागा. थंडीत या, बांगडा मागा. मेमध्ये या, रातांबे फोडायला बसा.

दुसरी : सकाळी दहा वाजता न्याहारीला पेज मागावी. तिसरी : तिरफळ चावू नये आणि कढी शेवटी घ्यावी. चौथी : देवाच्या वारी घरात वशाट होणार नाही, त्या दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ मिळेल, आणि ती दुय्यम समजू नये.

झाकलेले ताट

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि गावोगाव घरगुती निवास निघाले. माझी आई ऑक्टोबर ते मे शेजारच्या अशाच एका घरी स्वयंपाक करते. त्या पैशातून माझी फी भरली जाते, त्यामुळे सुरमईच्या थाळीला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही.

यंदा जानेवारीत विदर्भातून आलेल्या मायलेकी तलाव पाहून, आईला शोधत, वेळेआधीच आमच्या खळ्यात येऊन उभ्या राहिल्या. आम्ही पेज घेऊन बसलो होतो. आईने घाईघाईने टोपावर ताट झाकले आणि भावाला पाव आणायला पिटाळले. माझ्या कानात म्हणाली, "लोकांका पेज कशी वाढूची गो?" आजीने ऐकले. ती म्हणाली, "ताट कित्याक झाकतंस? अन्नच मा तां?"

भाजलेल्या बांगड्याचा वास काही झाकता येत नव्हता. त्या बाईंनी विचारले, हे काय आहे. आईने नाइलाजाने ताट काढले. त्या खाली बसल्या, वाडगाभर पेज खाल्ली, पुन्हा मागून घेतली. मग म्हणाल्या, "आमच्याकडे ज्वारीची आंबील असते. पाहुणा आला की आम्हीही असेच झाकतो." दोघी हसल्या. भाऊ पाव घेऊन आला तेव्हा त्याची कुणाला गरज उरली नव्हती.

पुढे आईने निवासाच्या मालकांना सुचवून पाहिले, की सकाळी पेज ठेवू. ते म्हणाले, पेजेचे पैसे कोण देणार? त्यांचेही खोटे नाही. ज्याचे पैसे मिळतात ते टिकते. पेज स्वस्त आहे, पण तिच्या तोंडी लावायचे जे असते, त्यामागे कुणाच्या तरी दोन महिन्यांच्या उन्हातल्या खेपा असतात. त्यांची किंमत अजून कुणी केलेली नाही. मिक्सर आला, पाटा-वरवंटा सुटला, हे चांगलेच झाले. आईने पुन्हा पाट्यावर वाटावे, असे मी म्हणणार नाही. चव टिकवायची आणि तिचे ओझे मात्र बाईच्याच डोक्यावर ठेवायचे, ही कसली परंपरा?

गेल्या मेमध्ये आजीचे गुडघे धरले होते आणि आईला निवासातून सुट्टी मिळाली नाही. आमच्या घरात पहिल्यांदाच आगळ बाजारातून विकत आणले. त्याची कढी केली, ती वाईट नव्हती. आजीने एक घोट घेतला, काही बोलली नाही, चिमूटभर मीठ टाकले आणि जेवू लागली.

म्हणून हा लेख लिहिताना मी आजीला आगळाचे प्रमाण विचारले. तिला किलो-लिटर सांगता येत नाही. ती म्हणाली, बघल्याशिवाय कळायचे नाही. आमची परीक्षा संपेल, तेव्हा रातांबे पिकलेले असतील. पहिल्या दिवशी मी तिच्याशेजारी वही घेऊन बसणार आहे, आणि दुसऱ्या दिवसापासून वही बाजूला ठेवून. ज्या मित्रमैत्रिणींना यायचे असेल त्यांनी यावे. न्याहारीला पेज असेल.